शिळाछाप की खिळे? : मोबाइलवरील मराठी ग्रंथांचे परीक्षण

१

कोणत्याही भाषेच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकारांची नावे, त्यांचे काल आणि त्यांचे गुणदोष यांचा विचार होतो. परंतु ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या रूपाने पडला, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक पाहता हे रूप बदलले की वाचनाची रीत बदलते, वाचकवर्ग बदलतो, आणि पुष्कळदा ग्रंथाचा पाठही बदलतो. मराठी ग्रंथाने अशी दोन स्थित्यंतरे यापूर्वी पाहिली : तो मुखातून पोथीत आला आणि पोथीतून छापखान्यात गेला. तिसरे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. छापील पुस्तक मोबाइलच्या काचेवर येत आहे. पोथीच्या काळी पाठाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळच्या थोर पुरुषांनी आपला मानला होता. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकला करणाऱ्यांच्या हातून पाठात शिरलेल्या अशुद्धांमुळेच. आज मात्र आपण विद्वान म्हणवणारे लोक हे काम यंत्रज्ञाचे आहे असे समजून बाजूस उभे आहोत.

हा समज चुकीचा आहे, हे दाखवणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. छापील किंवा टंकलिखित मजकुराचे मोबाइलवर सुखाने वाचता येईल असे ई-पुस्तक करणे ही नक्कल नव्हे. ती नवी आवृत्ती होय. आवृत्ती म्हटली की तिला संपादक हवा, आणि संपादक असला की त्याच्या कामाचे परीक्षण हवे. आमच्या मासिकांतून नव्या पुस्तकांची परीक्षणे नेमाने येतात. परंतु एखाद्या जुन्या ग्रंथाची ई-आवृत्ती मूळ प्रतीशी ताडून पाहून तिचे गुणदोष सांगितले आहेत, असा लेख क्वचितच दृष्टीस पडतो. परीक्षण नाही म्हणून धाक नाही, आणि धाक नाही म्हणून काळजी नाही, अशी सध्याची अवस्था आहे.

२

संख्येच्या दृष्टीने पाहिले तर तक्रारीस जागा नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आज कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीकरणाचे काम केले आहे. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतिमा मोठ्या संख्येने आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठानासारख्या उपक्रमाने नव्या लेखकांची पुस्तके मोफत घरोघर पोचवली. २०१६ च्या डिसेंबरात किंडलच्या दुकानातही मराठीला दार उघडले. पन्नास वर्षांपूर्वी जो ग्रंथ पाहावयास मिळावा म्हणून अभ्यासकाला मुंबई-पुण्याची वारी करावी लागे, तो आज विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या खिशात येऊ शकतो. हा लाभ लहान नाही, आणि पुढील टीका वाचताना वाचकांनी तो विसरू नये.

परंतु खिशात येणे निराळे आणि वाचता येणे निराळे. आमचे कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूर-अमरावती रस्त्यावर, दोहोंच्या जवळजवळ मध्यावर, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात वसलेले. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याजवळ मोबाइल असतो. संगणक पुष्कळांच्या घरी नसतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान रुंदीस सुमारे साडेपाच इंच असते, आणि मोबाइलची काच रुंदीस जेमतेम पावणेतीन इंच. म्हणजे बारा पॉइंटांत छापलेले अक्षर काचेवर सहा पॉइंटांचे होते. ते वाचण्यासाठी दोन बोटांनी पान ताणावे, ओळीचा पूर्वार्ध वाचून पान सरकवावे, उत्तरार्ध वाचावा, आणि पुन्हा मागे येऊन पुढच्या ओळीचे मूळ शोधावे. एका पानात तीस ओळी असल्या तर हा व्यायाम तीस वेळा करावा लागतो. ज्याला चाळिशी लागली आहे त्याची गोष्ट सोडूनच द्या. तरुण डोळ्यांचा विद्यार्थीही पाचव्या पानावर कंटाळतो, आणि मग त्याला वाचनाची आवड नाही, असा ठपका आपण त्याच्यावर ठेवतो.

याचे कारण समजून घेण्यास मुद्रणाच्या इतिहासाकडे वळावे लागेल. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरे. अक्षर सुटे नसे, पान हाच एक अखंड घटक असे. पुढे खिळे आले, जावजी दादाजींच्या निर्णयसागराने त्यांना सौष्ठव दिले, आणि अक्षर सुटे झाले. सुटे झाल्यामुळेच तोच मजकूर लहान-मोठ्या कोणत्याही आकारात नव्याने जुळवता येऊ लागला. मोबाइलवर येणाऱ्या मराठी पुस्तकांचे असेच दोन वर्ग पडतात. ज्यात जुन्या पुस्तकाच्या पानांची केवळ छायाचित्रे आहेत, ते पीडीएफ हे आजचे शिळाछाप होय. पीडीएफ ही रचना अडोबी कंपनीने १९९३ साली आणली ती कागद कोठेही तंतोतंत तसाच छापला जावा म्हणून. तिचा हेतू पान राखणे हा आहे. वाचकाची सोय पाहणे हा नव्हे. संगणकावर जुळवलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये आत अक्षरे असतात खरी. परंतु पानाच्या मोजमापात ती घट्ट बसवलेली असल्यामुळे वाचकाचे हाल तेच. जे औषध कागदासाठी निर्माण झाले ते काचेला लावल्यावर गुण येत नाही, यात औषधाचा दोष नाही.

३

खिळ्यांच्या जागी आज जे आले आहे त्याचे नाव ईपब. २००७ साली प्रमाण मानल्या गेलेल्या या रचनेत पुस्तक हे पानांचा गठ्ठा नसून मजकुराचा प्रवाह असतो. प्रकरणे, शीर्षके, परिच्छेद, टीपा आणि अनुक्रमणिका यांची निरनिराळी नोंद एका पिशवीत बांधलेली असते, आणि वाचकाच्या हातातील यंत्र आपल्या काचेच्या रुंदीप्रमाणे ओळी पाडते. अक्षर मोठे केले की ओळीतले शब्द कमी होतात. ओळ काचेबाहेर जात नाही. आजोबांनी अक्षर दुप्पट करावे, नातीने लहान ठेवावे, आणि दोघांनी एकच पुस्तक वाचावे, ही सोय छापील पुस्तकानेही कधी दिली नव्हती.

ही गोष्ट मराठीत अशक्य आहे असे नाही. ती झालेली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आज मजकूर-रूपाने संगणकावर वाचता येतात. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या कोशातील नोंदीही अशाच सुट्या अक्षरांत मोबाइलवर उघडतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शब्द शोधता येईल अशा रूपात ठेवली आहे. या तिन्ही कामांचा उपयोग प्रत्यही होतो, तो ते ग्रंथ मोठे आहेत म्हणून जितका, तितकाच ते वाचकाच्या सोयीचे झाले म्हणून. दोन रकान्यांत बारीक अक्षरांनी छापलेल्या ज्ञानकोशाच्या पानाचे नुसते छायाचित्र मोबाइलवर कोणी वाचले असते, याची कल्पना करवत नाही.

आणखी एका वाचकाचा विचार येथे केला पाहिजे. दृष्टिहीन माणसाला मोबाइल पुस्तक वाचून दाखवू शकतो; परंतु तो अक्षरे वाचतो, चित्र वाचत नाही. पानाचे छायाचित्र त्याच्या दृष्टीने कोरा कागद आहे. अपंग वाचकांसाठी ग्रंथाचे सुलभ रूपांतर करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्व-कायद्यात मुभा दिली, आणि याच विषयावरील माराकेश करारास २०१४ साली सर्वांआधी संमती देणारा देश भारत होता. कायदा पुढे गेला. ग्रंथ मागे राहिले.

४

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. छायाचित्राचा मजकूर करावयाचा कसा, आणि करताना पाठाचे काय होते?

दोन वाटा आहेत. ज्या पुस्तकांची संगणकीय प्रत प्रकाशकाजवळ आहे त्यांची वाट पहिली. मराठीत कित्येक वर्षे अक्षरजुळणी श्री-लिपी, कृतिदेव इत्यादी निरनिराळ्या टंकांत झाली. त्यांत मराठी अक्षराची आकृती रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेली असे; टंक काढून घेतला की खाली रोमन अक्षरांची निरर्थक माळ उरते. युनिकोडने १९९१ पासून प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्याची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. जुन्या टंकातून युनिकोडात मजकूर नेताना केवळ अक्षराला अक्षर लावून भागत नाही. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, कारण ती दिसते आधी. युनिकोडात ती नंतर येते, कारण तिचा उच्चार नंतर. रफाराचे नेमके उलट : तो दिसतो पुढच्या अक्षरावर, पण उच्चार त्या अक्षराच्या आधी. रूपांतर करणारे यंत्र येथे घसरते, आणि जोडाक्षरावर वेलांटी व रफार एकत्र आले की हमखास घसरते.

मराठीपुरता आणखी एक खास खड्डा आहे. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ या दोन शब्दांत फरक एवढाच की एकात रफार आहे आणि दुसऱ्यात मराठीचा तो अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीवर तयार झालेली साधने त्याची पर्वा करीत नाहीत. परिणाम असा की रूपांतरात स्वयंपाकघरातले आचारी एकदम विद्यापीठात जाऊन बसतात, आणि दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा दर्या होऊन त्यास भरती येते.

दुसरी वाट छापील प्रतीची. पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे यंत्राकडून ओळखवून घ्यावयाची. हे यंत्र अलीकडे पुष्कळ सुधारले आहे, आणि स्वच्छ छापलेल्या नव्या पुस्तकावर ते आश्चर्य वाटावे इतके चांगले चालते. प्रस्तुत लेखकाने आपल्या काही विद्यार्थ्यांकडून स्वातंत्र्यपूर्व काळातील एका निबंधसंग्रहावर हा प्रयोग करवून घेतला. कागद पिवळा पडलेला, खिळे झिजलेले. चुका कोठे झाल्या हे पाहणे मोठे बोधप्रद ठरले. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व या जोड्यांत यंत्राचा गोंधळ उडाला. ख चे ‘रव’ झाले. ‘खाणे’ च्या जागी ‘रवाणे’ आले तर कोणाच्याही लक्षात येते, आणि शुद्धलेखन तपासणारे यंत्रही त्याखाली तांबडी रेघ ओढते. परंतु ‘भार’ चा ‘मार’ झाला, ‘घन’ चे ‘धन’ झाले, ‘भरण’ चे ‘मरण’ झाले, तर यंत्र गप्प बसते. कारण मार, धन आणि मरण हे शब्दही मराठीच आहेत. उदरभरणाचे उदरमरण व्हावे आणि कोणासही पत्ता लागू नये, असा हा प्रकार. जी चूक अशुद्ध दिसते ती निरुपद्रवी. जी शुद्ध शब्दाचे रूप घेऊन येते ती घातक. ती पकडण्यास वाक्याचा अर्थ कळणारा, लेखकाची शैली ओळखणारा माणूसच लागतो. आणि हे ओळखणे म्हणजेच तर वाङ्मयाचा अभ्यास!

वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे उदाहरण घ्या. ‘सुदाम्याचे पोहे’ या त्यांच्या संग्रहातील विनोद कितीतरी ठिकाणी शब्दावरील कोटीवर उभा आहे. कोटीत एका अक्षराने अर्थ फिरतो. तेथे एक अक्षर चुकले तर विनोद नाहीसा होतो, आणि उरलेले वाक्य व्याकरणशुद्ध व कंटाळवाणे दिसते. अशी ई-आवृत्ती वाचून एखाद्या तरुण वाचकाने कोल्हटकरांत हसण्यासारखे काही नाही असा अभिप्राय दिला, तर तो अभिप्राय कोणाविषयीचा समजावयाचा?

अनुस्वारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजचे शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेल्या भरीने ठरले आहे. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘काम केलें’ आणि ‘उद्योग केले’ असा भेद लिहून दाखवीत. पहिल्यातील टिंब नपुंसकलिंगी एकवचन सांगते. ते गेले की दोन्ही रूपे एक होतात. यंत्र या टिंबांना कधी शाईचा डाग समजून गाळते, तर कधी खरोखरीच्या डागाला टिंब समजून उचलते. मग रूपांतर करणारा कंटाळून सर्वच टिंबे पुसून टाकतो. आमच्या मते मुलांसाठी किंवा सामान्य वाचकांसाठी जुन्या ग्रंथाचे लेखन आजच्या वळणाचे करण्यास हरकत नाही. परंतु तसे केल्याचे आरंभी स्पष्ट लिहिले पाहिजे. अभ्यासकासाठी केलेल्या आवृत्तीत टिंबास हात लावू नये. अर्धे ठेवावे, अर्धे पुसावे, आणि त्याविषयी एक अक्षरही बोलू नये, ही तिसरी रीत मात्र सर्वथा त्याज्य होय, आणि दुर्दैवाने तीच अधिक दिसते.

५

पाठ शुद्ध झाला तरी पुस्तक झाले असे नव्हे. त्याची रचना राहते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ४२ रात्री आहेत. घरात मुलांना त्यातील एखादी रात्र वाचून दाखवावयाची असली तर अनुक्रमणिकेवर बोट ठेवताच ती उघडली पाहिजे. पुस्तक नुसतेच लांबच लांब गुंडाळीसारखे असेल, तर पंचविसावी रात्र शोधता शोधता मुले झोपी जातील! हा दोष प्रायः मूळ टंकलेखनातला असतो. शीर्षक मोठे व ठळक केले की झाले, असे टंकलेखकास वाटते. परंतु ते शीर्षक आहे असे संगणकास निराळे सांगावे लागते. प्रत्येक ओळीच्या शेवटी नवी ओळ सुरू करण्याची कळ दाबलेली असली, की मोबाइलवर अर्ध्या अर्ध्या ओळी तुटून पडतात. वडिलांच्या आठवणी किंवा आजीच्या ओव्या घरच्या घरी टंकित करून नातेवाइकांना पाठवणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांनी या दोन गोष्टी पाळल्या, तरी त्यांचे निम्मे श्रम वाचतील.

पद्याच्या वाट्यास तर फारच हाल येतात. अभंगाचे चरण गद्यासारखे एकापुढे एक वाहू लागतात, आणि दोन दंडांमधला चरणांक पुढच्या शब्दास चिकटतो. गद्यातही दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्ट अरुंद काचेवर महागात पडतो. मराठीतले सामासिक शब्द लांब, म्हणून एका ओळीत दोनच शब्द राहतात आणि मध्ये खिंड पडते. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी, हीच येथे योग्य रीत. पुस्तकाची भाषा मराठी असल्याची नोंद आत केलेली असावी लागते. ती हिंदी अशी राहिली, तर कित्येक टंक ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाने दाखवतात, आणि वाचून दाखवणारा आवाजही हिंदी धाटणीने बोलतो. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे आहेत असे शासनाने २००९ साली ठरवून दिले. परंतु शासनाचा निर्णय पुस्तकाच्या पोटातील एका छोट्या नोंदीपर्यंत पोचलेला नाही.

येथे कोणी अभ्यासक विचारील, की मजकूर वाहता झाला तर पृष्ठांक कोठला? संदर्भ द्यावयाचा कसा? शंका रास्त आहे. छापील आवृत्तीचे पृष्ठांक मजकुरात खुणांच्या रूपाने राखण्याची सोय ईपबमध्ये आहे, आणि अभ्यासोपयोगी ग्रंथात ती न वापरणे हा दोषच समजला पाहिजे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल, की पृष्ठांक ही छापखान्याची देणगी आहे, ग्रंथाची नव्हे. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवी यांनी देतो. पोथी कोणत्याही आकाराची असो, अमुक अध्यायातली अमुक ओवी सापडतेच. आमच्या पूर्वजांनी ग्रंथाचे मोजमाप ग्रंथाच्याच अंगाने केले होते. नव्या गद्य ग्रंथांच्या परिच्छेदांना क्रमांक देण्याची रीत पडली, तर मोबाइलच्या काचेवरही तीच सोय होईल.

६

तिसरी गोष्ट ओळखीची. आमच्या गावाच्या नावापुढे कंसात ‘घाडगे’ लिहावे लागते, कारण वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड) आहे, आणि कीर्तीने ते वडील आहे. नृसिंह सरस्वतींचे ते जन्मस्थान. तेथील जैन भांडारांतील हस्तलिखिते विद्वानांत प्रसिद्ध आहेत. कंसातला तो एक शब्द गळाला की पत्र एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. ग्रंथाचेही तसेच आहे. कोणत्या आवृत्तीवरून, कोणत्या साली छापलेल्या प्रतीवरून हे ई-पुस्तक केले, कोणी केले, कोणी तपासले, ही माहिती म्हणजे ग्रंथाच्या नावापुढचा कंस होय. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली ती या कंसांचे महत्त्व जाणूनच. आज विनामूल्य फिरणाऱ्या कित्येक ई-पुस्तकांवर ग्रंथाचे नाव आणि रूपांतर करणाऱ्याची जाहिरात एवढेच असते. प्रकाशनाचे सालसुद्धा नसते. आवृत्तीगणिक लेखकाने केलेले फेरफार ज्या ग्रंथात आहेत, त्याची अशी प्रत अभ्यासकाच्या काय कामाची?

त्याच कारंजा (लाड) येथील हस्तलिखितांची कथा आपणांस मार्गदर्शक आहे. तेथील भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ साली, आणि ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादिले. हिरालाल जैन हे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक होते. हस्तलिखितांची छायाचित्रे घेऊन ती तशीच विकावी, असे त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी प्रती ताडल्या, पाठभेद दिले, प्रस्तावना लिहिली. हस्तलिखिताकडून मुद्रणाकडे जाताना विदर्भातील एका प्राध्यापकाने जे कर्तव्य मानले, ते मुद्रणाकडून मोबाइलकडे जाताना आजच्या प्राध्यापकास कमीपणाचे का वाटावे?

७

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मोबाइलवरचे वाचन हे वाचनच नव्हे. त्यात चित्त स्थिर राहत नाही. कागदाच्या पुस्तकाचे सुख आम्हांसही ठाऊक आहे. परंतु येथे निवड कागद की काच अशी नाही. ज्या ग्रंथाची शेवटची आवृत्ती साठ-सत्तर वर्षांपूर्वी निघाली, तो कागदावर मिळतच नाही. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाची दरसालची खरेदी नव्या पुस्तकांनाही पुरी पडत नाही. निवड आहे ती काच की काहीच नाही, अशी. आणि चित्त अस्थिर होण्यास सारखे पान ओढावे लागणे हेही एक कारण नाही काय?

दुसरा आक्षेप श्रमाचा आणि हक्कांचा. हक्कांविषयी पाहता, १९९२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्व राहते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे स्वतःचे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांस मोकळे आहे. कोल्हटकर १९३४ साली निवर्तले, म्हणजे ते केव्हाच मोकळे झाले. हरिभाऊ आपटे, केशवसुत, बालकवी, केतकर, न. चिं. केळकर : ही यादी आपल्या वाङ्मयाचा अर्धा पाया आहे. श्रमाविषयी म्हणाल, तर १९७१ साली मायकेल हार्ट याने अमेरिकेत सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गची ग्रंथसंपदा स्वयंसेवकांनी एकेक पान तपासून वाढवली. मराठी विकिस्रोतावर हीच पद्धत आहे : डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पानाची प्रतिमा, एकाने तपासले की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवी. दोन डोळ्यांनंतर आणखी दोन डोळे, हा मुद्रितशोधनाचा जुनाच नियम. शुद्ध मजकूर हाती आला, की त्याचे ई-पुस्तक बांधण्यास कोविद गोयल या भारतीय संशोधकाने २००६ पासून वाढवलेले कॅलिबर हे साधन फुकट मिळते. यंत्राची बाजू अशी तयार आहे. उणीव आहे ती वाचणाऱ्या, अर्थ जाणणाऱ्या डोळ्यांची.

ते डोळे आमच्या महाविद्यालयांत आहेत. मराठी विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास एखाद्या विषयावर चार पुस्तकांतून उतरवलेला प्रबंध लिहावयास लावण्याऐवजी, जुन्या ग्रंथाची पन्नास पाने मूळ प्रतीशी ताडून शुद्ध करावयास द्यावी. त्यात त्याला जुने शुद्धलेखन कळेल, शब्दांचे बारकावे कळतील, कोश उघडावा लागेल; आणि वर्षअखेर समाजाच्या हाती काहीतरी पडेल. ज्या संस्था सार्वजनिक पैशाने पुस्तके प्रसिद्ध करतात, त्यांनी पीडीएफबरोबर ईपबही द्यावे, आणि नव्या पुस्तकाच्या वेळी लेखकाशी करार करतानाच तशी तजवीज ठेवावी. मासिकांच्या संपादकांनी ई-आवृत्त्यांची परीक्षणे मागवावी, आणि परीक्षकाने चार प्रश्नांची उत्तरे द्यावी : पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला? तो कोणी तपासला? रचना मूळ ग्रंथास धरून आहे काय? आणि साध्या मोबाइलवर, मोठ्या अक्षरांत, तो एका बैठकीत वीस पाने वाचवतो काय?

या चार प्रश्नांत फार मोठे शास्त्र नाही. परंतु ते विचारले जाऊ लागले, की आज जे ग्रंथ उतरवून घेऊन न वाचता साठवले जातात, त्यांतले काही तरी वाचले जातील. कारंज्याच्या एखाद्या मुलीने बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना हरिभाऊंचे एक प्रकरण विनासायास वाचून संपवले, तर आमच्या लेखी या खटाटोपाचे सार्थक झाले.